भार किती ते कळलं, पण कुठे?

फायनल इयरला येईपर्यंत सिम्युलेशनची एक सवयच लागून जाते. मॉडेल काढायचं, मेश मारायचा, लोडच्या खिडकीत एक आकडा टाकायचा आणि 'सॉल्व्ह' दाबायचं. रंगीत चित्र आलं की प्रिंट जर्नलला लावायची. सबमिशन झालं! मीही हेच करत होतो. डोळे उघडले ते कोहमाऱ्याला.

कोहमारा म्हणजे मुंबई-कोलकाता हायवेवर गोंदियाचा रस्ता फुटतो ते गाव. तिथे जवळच मामांची शेती, धानाच्या बांध्या. उन्हाळी धानाला पाणी द्यायच्या वेळी त्यांची मोटार नुसती गुरगुरायची. मामा म्हणाले, "तू लाइटीचंच शिकतं ना रे? मंग सांग, आमच्याच मोटारीले पावर काहून नाही भेटत?"

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. डीपीपासून शेवटच्या खांबापर्यंत लाइन काढली, डीपीवर पूर्ण ४१५ व्होल्ट धरले आणि नऊ मोटारींचा भार लाइनभर सारखा वाटून दिला. उत्तर आलं, टोकाला ३९१ व्होल्ट. ६ टक्के घट नियमात बसते, म्हणजे ३९० पर्यंत चालतं. लाइन पास!

मामा नुसते हसले. "चाल, लाइन पाहून येऊ."

पायी फिरलो तेव्हा कळलं. डीपीजवळ एकच मोटार. पुढे नाल्याकडे जावं तशा मोटारी दाट होत गेलेल्या. पाणी जिथे, मोटार तिथे! मग भार टोकाकडे सरळ रेषेत वाढतो असं फंक्शन दिलं. मोटारी त्याच, तार तीच, उत्तर ३८३ व्होल्ट. लाइन नापास. त्यात मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे तो ८५ टक्क्यांवर आला. आणि लाइट आल्याबरोबर 'ऑटो'वरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, तेव्हा सुरुवातीचा करंट कितीतरी पट असतो. गुरगुरणार नाही तर काय करणार?

हे गणित कागदावरही होतं. सगळा भार टोकाला धरला तर जी घट येते तिला १ म्हणा. तोच भार सारखा वाटला तर घट १/२, टोकाकडे वाढत गेला तर २/३, आणि टोकाकडे कमी होत गेला तर फक्त १/३. एकूण भार चारही वेळा तोच! आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं केंद्र आहे. पण मामांच्या बांधीतला प्रश्न 'किती'चा नाही, 'कुठे'चा आहे.

कोणी म्हणेल, मग सगळा भार टोकालाच धरा, सेफ साइड. घटीसाठी ठीक आहे हो, पण उपायाचं काय? रिअॅक्टिव्ह भार सारखा पसरलेला असेल तर एकच कपॅसिटर लाइनीच्या दोन तृतीयांश अंतरावर बसवल्याने लॉसेस सर्वांत कमी होतात. भार टोकाला धरणारा तो टोकालाच टांगेल. चुकीच्या मॉडेलमुळे चुकीच्या खांबावर खर्च!

हे फक्त लाइनीपुरतं नाही. इन्सुलेटरच्या माळेतही सगळ्या डिस्कवर सारखं व्होल्टेज येत नाही, तारेजवळच्या डिस्कवर सर्वांत जास्त येतं. हे आपण परीक्षेत लिहितो आणि सिम्युलेशनमध्ये विसरतो. सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज, करंट डेन्सिटी किंवा चार्ज एका आकड्याऐवजी क्ष, य, झ वर अवलंबून असलेलं सूत्र किंवा टेबल म्हणून देता येतं. फक्त तिथेही डोळे उघडे हवेत. मॉडेल मिलिमीटरमध्ये आणि सूत्र मीटरमध्ये असेल तर हजारपटीचा घोळ. सूत्राचा शून्य बिंदू कुठे धरलाय हे पाहायला हवं. मेश जाड असेल तर चढउतार सपाट होतात. म्हणून सॉफ्टवेअरने प्रत्यक्ष लावलेल्या भाराची बेरीज हातच्या बेरजेशी जुळवायचीच.

माझं म्हणणं एवढंच की जर्नलमध्ये लोडच्या आकड्याशेजारी 'कुठे' असा एक रकाना हवा. भार सारखा धरला असेल तर का धरला, हे व्हायवात विचारलं जावं. आणि वर्षातून एक दिवस प्रत्येक बॅचने एखाद्या लाइनीच्या कडेने पायी फिरावं. वेळ नाही म्हणाल, तर एकाच प्रिंटच्या चार कॉप्या करण्यात किती वेळ जातो ते आठवा!

मामांना मी शेवटी सांगितलं की चूक तुमच्या मोटारीत नाही, भार टोकाला गोळा झालाय. ते म्हणाले, "हे तं आमाले मालूमच होतं बाप्पा. तुले कॉम्प्युटरनं उशिरा सांगितलं."

कॉम्प्युटरने नाही मामा, मीच त्याला उशिरा सांगितलं.