लांबलेला पाऊस आणि दहा मिनिटं

मृग नक्षत्र लागलं की आमच्या माणदेशात बायकांचं बोलणं एकाच प्रश्नानं सुरू होतं, "तुमच्याकडं आला का?" कोण, ते सांगावं लागत नाही. २०२३ साली मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोचला आणि मुंबई गाठायला त्याला २५ जून उजाडला. पुढचा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशा वर्षी आपल्या बैठकांत टँकर, चारा आणि हमीची कामं हेच विषय असतात, आणि तेच असायला हवेत.

तरीही आज मला एक वेगळा प्रश्न मांडायचा आहे. वाट पाहण्याच्या या दिवसांत बायकांना जे सुंदर दिसतं, त्याचं आपल्या चळवळीनं काय करायचं?

काहीजणींना हा प्रश्न चैनीचा वाटेल. डोक्यावर हंडा असताना कसलं आलंय सौंदर्य, असं मैत्रिणी मला विचारतात. पण बाई बघत असतेच. पावशा ओरडायला लागला की तो "पेर्ते व्हा" म्हणतोय, हे एकमेकींना सांगितल्याशिवाय बायकांना राहवत नाही. बहावा फुलल्यावर किती दिवसांनी पाऊस येतो, याचा प्रत्येकीचा हिशोब वेगळा. पहिल्या सरीनंतर बाहेर येणारा लाल मखमली मृगाचा किडा पोरी आधीपासूनच शोधत असतात. टँकरची वाट बघताना मांडीवर गोधडी असते. जुन्या लुगड्याच्या हिरव्या तुकड्याशेजारी लाल लावायचा की पिवळा, यावर चौघींचा वाद रंगतो. ऊब कुठल्याही रंगानं येते, तेव्हा हा वाद उबेसाठी नसतो. तो डोळ्यांना काय बरं वाटतं यासाठी असतो.

या बघण्याला आपण कमी लेखू नये, असं माझं म्हणणं आहे. पण त्यात एक धोकाही आहे आणि तो स्पष्ट बोलायला हवा.

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत एक फोटो हटकून छापून येतो. भेगाळलेली जमीन, रंगीबेरंगी लुगडी, डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बायकांची रांग. फोटो देखणा असतो. पण तो तिच्याकडे बघणाऱ्याचा असतो. तिची मान किती दुखते ते त्यात नसतं, आणि ती स्वतः काय बघत चालली आहे तेही नसतं. खाली ओळ असते ती सोशिकपणाच्या कौतुकाची. अशा कौतुकाचा अनुभव आपल्याला जुना आहे. बाई सोसते म्हणून तिची पाठ थोपटली की तिच्या दारात नळ आणायची घाई कुणालाच राहत नाही. म्हणून बाई दिसते कशी हा एक विषय आणि बाईला दिसतं काय हा दुसरा. मी बोलते आहे ती दुसऱ्याबद्दल.

जात्याचं उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर भरतात. पहाटेच्या अंधारात, अंगातली ताकद निम्मी संपलेली असताना बायकांनी हे एवढं रचलं. पण मला भेटलेल्या एकाही म्हातारीनं जातं परत मागितलेलं नाही. ओव्या मात्र त्या अजून म्हणून दाखवतात. ओवी चांगली होती म्हणून जातं हलकं होत नव्हतं, आणि जातं जड होतं म्हणून ओवी खोटी ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम मानायला आपण शिकलं पाहिजे.

बघायलाही वेळ लागतो, आणि वेळ हा तर आपल्या हक्काचाच मुद्दा आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं सुटली, आणि पुरुषाचीही नऊ सुटली! पाणी-सरपण आणण्याचा वेळ तर यात धरलेलाच नाही, त्याचा हिशोब वेगळा मांडतात. कामाची वाटणी मागताना आपण नेहमी म्हणतो की बाईला शिक्षणासाठी, कमाईसाठी, सभेसाठी वेळ हवा. त्या यादीत मला आणखी एक गोष्ट घालायची आहे. तिला काही न करता आभाळाकडे बघत बसायलाही वेळ हवा. त्यासाठी कुणाला कारण सांगायची पाळी तिच्यावर येऊ नये.

सगळं मिळाल्यावर निवांत बघू, असं म्हणून चालणार नाही. महिला आरक्षणाचं विधेयक संसदेत पहिल्यांदा आलं १९९६ साली आणि मंजूर झालं २०२३ साली, तेही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घालून. पावसासारखीच कायद्याचीही वाट बघण्यात आपल्यातल्या कितीजणींचं वय गेलं. त्या सत्तावीस वर्षांत ज्या टिकल्या, त्या नुसत्या रागावर टिकल्या नाहीत. मोर्चाहून परतताना एसटीत म्हटलेली गाणी, शिबिरातली रात्रीची फुगडी, कुणीतरी डब्यातून आणलेला रायवळ आंब्याचा रस, यांनीही त्यांना धरून ठेवलं. आपल्या अहवालांत मात्र यातलं काही येत नाही. तिथे फक्त ठराव आणि हजेरी.

म्हणून एक साधी सूचना. जूनच्या बैठकीत टँकरचा, रेशनचा, हमीच्या मजुरीचा विषय संपला की दहा मिनिटं राखून ठेवा. येताना वाटेत काय दिसलं, ते प्रत्येकीनं सांगायचं. जिला काहीच बघायला सवड झाली नाही, तिनं ती का झाली नाही ते सांगायचं. दोन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहा. पुढच्या महिन्याचं काम त्यातूनच निघेल.