पेढीचे वाय-फाय आणि मोबाईलचा निराळा पत्ता

काही पेढ्यांवर राउटरमध्ये ठरावीक मोबाईलनाच प्रवेश दिलेला असतो. अशा ठिकाणी यादीतला मोबाईलही एखाद्या दिवशी जोडला जात नाही आणि ग्राहक समोर उभा असताना बिल अडते. पुष्कळदा दोष राउटरचा नसतो.

प्रत्येक उपकरणाला बारा अक्षरांकांचा कायमचा मॅक पत्ता असतो. त्यावरून कोणी माग काढू नये, म्हणून अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून मोबाईल प्रत्येक वाय-फायला स्वतः रचलेला निराळा पत्ता सांगतो. यादीत मूळ पत्ता असल्याने राउटर त्याला परका समजतो.

उपाय सोपा आहे. आयफोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये पेढीच्या नेटवर्कपुढील ‘आय’ चिन्ह उघडून ‘प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस’ बंद करावा. अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या ‘प्रायव्हसी’ पर्यायात उपकरणाचा मूळ मॅक निवडावा व पुन्हा जोडणी करावी.

हा बदल मात्र पेढी व घर यांपुरताच असावा. स्थानक, हॉटेल वा धर्मशाळा येथे निराळा पत्ताच राहू द्यावा. केवळ यादीवरही विसंबू नये. मॅक पत्त्याची नक्कल करता येते, म्हणून पासवर्ड भक्कमच हवा.