भरावाचे बळ

पहिला मोठा पाऊस झाला, की नुकतेच बुजविलेले चर खचतात, रस्त्यास खळगे पडतात आणि नागरिक डांबरास दोष देऊन मोकळे होतात. परंतु डांबर हे केवळ पांघरूण होय. खरा प्रश्न त्याखाली काय घातले आणि ते कसे दाबले, हा आहे.

सोलापूरच्या नागरिकांस हा प्रश्न अधिक निकडीचा वाटावयास हवा. येथील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्वारीची जी माता, तीच रस्त्याची वैरीण. सुदैवाने तिच्याखाली काळा पाषाण विपुल आहे; तो फोडून केलेल्या खडी-कचीच्या मिश्रणाचा भराव हा त्यावरील उत्तम उपाय होय.

मात्र दगड कठीण म्हणून भराव बळकट, हा समज भ्रामक आहे. गोट्यांचा ढीग पसरतो, खडीचा ढीग उभा राहतो, हे शाळेतील मुलासही दाखविता येते. कारण खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात. मोठ्या खड्यांमधील पोकळी लहान खड्यांनी व कचीने भरली, तर बळ वाढते. परंतु कच वा माती प्रमाणाबाहेर झाली, की खडे एकमेकांस टेकतच नाहीत. ते मातीत तरंगतात. मग मिश्रणाचे बळ दगडाचे न राहता मातीचे होते आणि ती माती चिकण असेल, तर पाणी लागताच तेही सरते.

दाबण्याचेही शास्त्र आहे. योग्य ओलाव्यासच माती घट्ट बसते, हे प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली दाखवून दिले. आपल्या देशाच्या मानकांनुसार रस्त्याखालील खडीचा उपथर प्रयोगशाळेतील कमाल घनतेच्या ९८ टक्क्यांपर्यंत दाबावा लागतो. चरात एकदम ढीग लोटून वरून एकदा रोलर फिरविल्याने हे साधत नाही. थरावर थर दाबावा लागतो.

भरावाच्या हयगयीची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा अपुऱ्या राहिलेल्या मोरीवरील भराव खचत गेला होता आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. उलट, १८७१ साली पुरे झालेले आपल्या हिप्परग्याचे एकरुख धरण मातीचेच असून आजही उभे आहे. दोष मातीचा नव्हे, निष्काळजीपणाचा असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कामावर भरावाची चाळणी-चाचणी व घनता-चाचणी व्हावी, तिचे आकडे कामाच्या फलकावर लावावेत आणि ते पाहिल्यावाचून कंत्राटदाराचे बिल चुकते करू नये. डांबराखाली गाडलेले दोष पाऊस उकरून काढतोच. ते आधीच शोधण्यास लागणारा खर्च त्या मानाने किरकोळ आहे.