नाच्या

भाऊबीज झाली की आमच्या आंधळगावच्या आसपास मंडया भरतात आणि रात्री दंडार, खडी गंमत, नाटकं रंगतात. गेल्या मंडईत एका पोट्ट्यानं दुसऱ्याला 'नाच्या' म्हणून चिडवलं. तो पोरगा रडकुंडीला आला. वीस पावलांवर खडी गंमत चालू होती, आणि लुगडं नेसलेला खरा नाच्या ढोलकीवर गिरकी घेत होता.

शाहिरासकट सगळे उभ्यानं रात्र काढतात, म्हणून ती खडी गंमत. बाईचं काम पुरुषानंच करायचं. माझ्या लहानपणी शेजारचे एक काका नाच्या होते. दिवसा मागावर कोसा विणायचे, रात्री पायात चाळ बांधायचे. पहाटेपर्यंत नाचूनही त्यांचा पदर ढळत नसे. कोशाच्या लुगड्याच्या निऱ्या नीट बसेनात तर माझी आई त्यांनाच विचारायची. 'मी नाच्या आहे' हे ते सुतारानं आपला धंदा सांगावा तसं सांगत.

आज माझी भाची मैत्रिणीच्या फोटोखाली कौतुकानं 'स्ले' लिहिते. हा शब्द न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या 'बॉल'मधून जगभर गेला. घरच्यांनी टाकलेली काळी आणि लॅटिनो समलिंगी, पारलिंगी मुलं तिथं नटूनथटून स्पर्धा करत. त्यांची 'हाऊस' असत, प्रत्येक घराला एक 'आई' असे. आपल्याकडच्या हिजड्यांच्या घराण्यांत गुरू-चेला असतात, तशीच ही मानलेली नाती. समोरच्याचं व्यंग हेरून शब्दांनी सोलायचं, त्याला बॉलमधली मुलं 'रीडिंग' म्हणत. 'पॅरिस इज बर्निंग' या 1990 च्या माहितीपटात ते सारं दिसतं. मला त्यात कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आठवले. शाहीर कोडं टाकतो, समोरचा निरुत्तर झाला की आख्खी मंडई हसते.

तिकडचे शब्द कौतुकाचे होऊन पोरांच्या ओठी आले. आपल्या नाच्याची मात्र शिवी झाली, याचं मला फार वाईट वाटतं. गणपत पाटलांनी मराठी पडद्यावर नाच्या अमर केला, पण लोक त्यांना खऱ्या आयुष्यातही तसंच समजत. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला धिप्पाड गडी नाच्या होतो आणि गाव त्याला माणसातून उठवतं. 2010 साली त्या कादंबरीवर सिनेमा आला, थेटरं भरली. शिवी तशीच राहिली. दुसरीकडे 'रात्र थोडी, सोंगं फार' हे आपण मार्चअखेरीला कचेरीतही म्हणतो. सोंग घेणाऱ्याची म्हण आपल्याला चालते, त्याचं नाव चालत नाही.

मंडईत रडकुंडीला आलेल्या त्या पोराला मी खडी गंमत चालली होती तिथं पुढं नेऊन बसवलं. 'हे माणूस आहे का, काकू?' त्यानं विचारलं. 'हो, आणि तोच नाच्या,' म्हटलं. मग तो डोळे न मिटता पाहत राहिला.

मला काकांची एक पहाट आठवली. चाळ सोडल्यावर घोट्यांवर लाल वळ उठलेले. लुगड्याची घडी मात्र त्यांनी काठाला काठ लावून, हातानं दाबून घातली, मागावरून उतरलेल्या नव्या कापडाची घालत तशी.