थंडीच्या सुट्टीतली बंद खिडकी

नाताळची सुट्टी लागली की लोणावळा, महाबळेश्वर, माथेरान आणि कोकणच्या किनाऱ्यावरची गावं माणसांनी भरून जातात. निघण्याआधी गाडीच्या टायरमधली हवा, मुलांचे स्वेटर, घाटात लागणाऱ्या उलटीच्या गोळ्या, सगळ्याची आठवण कुणी ना कुणी करतं. मुक्कामाच्या खोलीतल्या बाथरूमला खिडकी आहे का आणि ती उघडते का, हे मात्र कुणी विचारत नाही. या दिवसांत तो प्रश्न घाटातल्या वळणांइतकाच महत्त्वाचा आहे.

थंडीत दारं-खिडक्या बंद होतात आणि नेमकं तेव्हाच आत काहीतरी जळत असतं. गॅस गीझर असतो, कोळशाची शेगडी असते, गॅसवरचा हीटर असतो. जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरमधल्या गॅसमध्ये गळती लक्षात यावी म्हणून उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो गॅस नीट न जळता तयार झालेला हा वायू नाकाला पत्ता लागू देत नाही. ‘गॅस सुटला असता तर वास आला असता’ या समजुतीवर म्हणूनच विसंबता येत नाही.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, चक्कर. प्रवासात आलेल्या माणसाला वाटतं पित्त झालं, जागरण बाधलं. तोवर हातापायांतली ताकद गेलेली असते आणि चार पावलांवरची कडीही काढता येत नाही. एकाच घरात एकापाठोपाठ एक चार-पाच जणांच्या अंघोळी होतात, गारवा येऊ नये म्हणून झरोक्यात वर्तमानपत्र कोंबलेलं असतं, गीझर अर्धा तास सलग पेटलेला असतो. शेवटी अंघोळीला जाणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट हवा येते.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथल्या एका रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक मरण पावले. त्यांत चार मुलं होती. कडाक्याच्या थंडीत सगळे एका खोलीत झोपले होते, दार-खिडक्या आतून बंद आणि गॅसचा हीटर चालू. डिसेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या गुडाउरी या बर्फाच्या पर्यटनस्थळी एका भारतीय उपाहारगृहाच्या इमारतीत बारा जण दगावले. त्यांतले बहुतेक तिथे काम करणारे भारतीय होते आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ बंदिस्त जागेत जनरेटर चालवलेला होता. आपल्या शहरांतही हिवाळ्यात गीझरमुळे बाथरूममध्ये झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येतात. त्या आतल्या पानावर चार ओळींत संपतात.

आगीच्या धुरातही हाच वायू असतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिलमधल्या पबना आग लागली, चौदा जण गेले. त्यांतल्या अनेकांनी जीव वाचवायला स्वच्छतागृह गाठलं होतं आणि तिथे ते गुदमरले. गोव्यात हडफडे इथे ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री नाइट क्लबच्या आगीत पंचवीस जणांचा बळी गेला. मृतांमध्ये पर्यटकांपेक्षा तिथल्या कर्मचाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त होती. दुसऱ्यांची सुट्टी साजरी व्हावी म्हणून राबणारी ही माणसं. त्यांच्या सुरक्षिततेची चौकशी पाहुण्यांनीही करावी, एवढं ऋण आहेच.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. पण जिन्यात जादा खुर्च्या रचल्या जातात, गच्चीवर कापडी मांडव चढतो आणि मागचं दार फुकट्यांना अडवण्यासाठी कुलूपबंद होतं ते डिसेंबरच्या उत्तरार्धात. तेव्हा एक तपासणी डिसेंबरच्या मध्याला, न सांगता, रात्रीच्या वेळी व्हायला हवी. आणि ती मोठ्या हॉटेलांपुरती नको. गेल्या काही वर्षांत फार्महाऊस, होमस्टे, तंबूतले मुक्काम गावोगावी उभे राहिले आहेत. त्यांची नोंदणी करणाऱ्यांनी खाटा मोजताना गीझर कुठे बसवला आहे, हेही पाहिलं पाहिजे. गॅस गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आत फक्त गरम पाण्याचा नळ, ही अट परवान्यातच घालावी. मालकाचा खर्च थोडा वाढेल, वाढू दे.

तोवर पाहुण्यांच्या हातातही बरंच आहे. खोली ठरवतानाच फोनवर विचारावं की गीझर गॅसचा की विजेचा. गॅसचा आणि आतच बसवलेला असेल तर दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा आणि मगच अंघोळीला जावं. पेटती शेगडी तंबूत किंवा झोपायच्या खोलीत न्यायचीच नाही, निखारे विझत आले असले तरी नाही, कारण हा वायू धुमसत्या कोळशातूनही निघत राहतो. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र बाजारात मिळतं. गॅस गीझर असलेल्या प्रत्येक घरात ते असावं.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर पित्ताची गोळी शोधत बसू नये. सगळ्यांनी आधी बाहेर यावं. बाथरूममधून हाकेला ओ आली नाही तर दार तोडावं, माणसाला उघड्यावर आणावं आणि १०८ ला फोन करावा. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन असलेलं रक्त यांतला फरक त्याला ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही तो अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून रुग्णाला अंथरुणावर झोपवून ठेवू नये. रुग्णालयात पोचताच गॅस गीझर किंवा शेगडी चालू होती, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगावं. रक्ताची नेमकी तपासणी आणि ऑक्सिजन, दोन्ही त्यामुळे लवकर सुरू होतात.