तारांचा ताण आणि पंडितांचा ताठा

गिटार शिकवणाऱ्या, गिटारवर बोलणाऱ्या आणि दुसऱ्याच्या गिटारकडे पाहून नाक मुरडणाऱ्या एका विद्वानांनी अलीकडे फर्मान काढलं आहे: अकूस्टिक गिटारवर कमी ताणाच्या तारा लावणं हा वाद्याचा अपमान आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बाराच्या सेटखाली उतरू नये, झेपत असेल तर तेराचा लावावा. पातळ तारेला आवाज नसतो, ती खरखरते, सूर धरत नाही. बोटं दुखतात म्हणून पातळ तार मागणाऱ्याने दुसरं वाद्य बघावं, कारण बोटांना घट्टे नाहीत तो वादक नव्हे, हौशी. आणि या सगळ्यावर कळस म्हणून एक ब्रह्मवाक्य: लाकूड हलवायला ताण लागतो.

हे असं चार ओळींत गुंडाळून मी त्यांच्यावर थोडा अन्याय करत असेन. ते दर आठवड्याला विद्यार्थ्यांवर करतात त्याहून तो कमीच असेल.

आधी आकडे. बाराच्या सेटमधली सर्वांत बारीक तार 0.012 इंच जाडीची असते आणि सर्वांत जाड साधारण 0.053 इंचाची. नेहमीच्या 25.4 इंची स्केलवर, नेहमीच्या सुरात लावल्या की सहा तारा मिळून गिटारला सुमारे 74 किलोच्या जोराने ओढतात. तेराचा सेट हा ओढा 84-85 किलोंच्या घरात नेतो, दहाचा 56 किलोंच्या आसपास ठेवतो. एकट्या बारीक तारेचं बोलायचं तर बाराची साडेदहा किलोने ताणलेली असते आणि दहाची सव्वासातने. म्हणजे डाव्या हाताच्या बोटाखाली तीस टक्क्यांचा फरक. नवशिक्याची एफची बारे कॉर्ड वाजणार की त्याची गिटार कपाटावर जाणार, हे पुष्कळदा या तीस टक्क्यांवर ठरतं. विद्वानांच्या हिशेबात कपाटावर गेलेल्या गिटारी कुठेच धरलेल्या नाहीत, ते सोडा.

आता ते ब्रह्मवाक्य. लाकूड हलवायला ताण लागतो. ऐकायला इतकं सरळ वाटतं की कुणी उलट विचारतच नाही. पण तारेचा ताण ही स्थिर ओढ आहे. गिटार भिंतीवर टांगलेली असतानाही ते 74 किलो ओढतच असतात आणि खोलीत चिडीचूप शांतता असते. साउंडबोर्ड हलतो तो तार थरथरताना सॅडलला जे आलटून पालटून धक्के देते त्यांनी. तेव्हा विचारायचं ते एवढंच: हे धक्के किती मोठे, आणि ते कशावर अवलंबून?

तार छेडताना बोट तिला बाजूला ओढतं आणि सोडतं. ओढून धरलेली असताना बोटाचा जोर तारेच्या दोन टोकांमध्ये वाटला जातो, काही सॅडलकडे, काही नटकडे. ही वाटणी बोट तारेवर कुठे आहे यावर ठरते. तार किती ताणलेली आहे याचा तिच्याशी संबंध नाही. म्हणजे त्याच जागी, तेवढ्याच जोराने ओढली तर साडेदहा किलोची तार आणि सव्वासात किलोची तार सॅडलला सुरुवातीला सारखाच धक्का देतात. फरक पडतो तो तार किती सरकते यात. ताठ तार थोडी सरकते, सैल तार जास्त. आणि जास्त सरकल्यामुळे, जोर तोच असताना, सैल तारेत साठलेली ऊर्जा जास्त असते. पुढे ती हलकी तार ही ऊर्जा ब्रिजला सावकाश देते, म्हणून स्वर रेंगाळतो. ज्या तारेला आवाज नाही म्हणून हिणवलं, तिचा हिशेब हा असा निघतो.

मग विद्वानांच्या कानांना उलटं का ऐकू येतं? त्यांचे कान खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. त्यांचा उजवा हात बोलतो. अनेक वर्षं तेराच्या सेटवर राबलेला हात पातळ तारेवर आला की दोन गोष्टी करतो. कधी तो तिला जुन्या सवयीने तेवढंच अंतर सरकवतो. मग जोर कमी लागतो आणि आवाजही कमी निघतो, कारण सरकण्याचं अंतर सारखं असेल तर ताठ तार जिंकणारच. किंवा तो जुनाच जोर लावतो, मग तार फ्रेटवर आपटते आणि खरखर होते. दोन्ही वेळा दोष तारेच्या नावावर जमा. पातळ तारेला अंग हलवायला जागा लागते किंवा हात हलका लागतो, यापलीकडे यात गूढ काही नाही. तारेची लांबी, जाडी, ताण आणि स्वर यांचे नियम मारीं मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने 1636 साली छापून ठेवले आहेत. आमच्या विद्वानांपर्यंत ते पोहोचायला अजून थोडा अवधी द्यायला हवा.

गणित नको असेल तर पॅरिसला जाऊ. तिथे 1934 पासून जँगो राइनहार्टच्या पंचकडीत तीन गिटारी, एक व्हायोलिन आणि एक डबलबास असा संच वाजत होता. ढोल नाही, पियानो नाही, ताल धरायला दोन गिटारी. या संगीताशी सेल्मर कंपनीची जी गिटार जोडली गेली तिचा आवाज भर गर्दीच्या हॉलमध्ये कापत जाणारा. आणि त्या परंपरेतले वादक आजही तिच्यावर कोणत्या तारा लावतात? चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याने मढवलेल्या, ‘अर्जेंटाइन’ नावाच्या, दहाच्या किंवा अकराच्या. कमी ताणाच्या. जगातल्या सर्वांत कडक आवाजाच्या अकूस्टिक गिटारींपैकी एक पातळ तारांवर चालते. त्यांची खरी मेहनत आहे उजव्या हातात आणि गिटारच्या बांधणीत. पण हात घडवायला वेळ लागतो, तेराचा सेट दुकानात लगेच मिळतो.

सूर धरत नाही, हा दुसरा आक्षेप. बोटाने तार फ्रेटच्या मागे ठेचली की पातळ तारेचा सूर चढतो हे खरं आहे, ठेचू नये.

घट्ट्यांबद्दल काही लिहावंसं वाटत नाही. ते मलाही आहेत आणि त्यांनी माझं वादन सुधारल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

खरखरीचा आक्षेप मात्र थोडा थांबून बघण्यासारखा आहे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो खरा असण्याला ही विद्वान मंडळीच जबाबदार आहेत. बाराच्या सेटसाठी जुळवलेल्या गिटारवर दहाचा सेट चढवला की नेकवरची ओढ अठरा किलोंनी उतरते. नेकच्या आतला ट्रस रॉड मात्र जुन्या ओढीला तोंड देण्याइतका घट्ट असतो. तो आता नेक मागे खेचतो, नेकचा हलका बाक जातो, तारा फ्रेटच्या अगदी जवळ येतात आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर खरखर सुरू होते. नटच्या खाचाही जाड तारांच्या मापाने कापलेल्या असतात. बारीक तार त्यात सैल बसते. उपाय सोपा आहे. ट्रस रॉड थोडा सैल करायचा, लागल्यास नट बदलून घ्यायचं. ओळखीच्या कारागिराकडे एका दुपारचं काम. यातलं काहीही न करता तारा बदलायच्या, खरखर ऐकायची आणि वर्गासमोर मान हलवायची, “बघा, मी म्हणत नव्हतो?”

हे गृहस्थ आम्हाला नवे नाहीत. कॅपो लावणं म्हणजे कुबडी घेणं, हा वाद याच पक्षाने घातला होता. गळ्याला पट्टी जुळवण्यासाठी कॅपो लावणाऱ्या गायकांना तेव्हा बारा सुरांतल्या सगळ्या बारे कॉर्ड पाठ करायला सांगण्यात आलं. ज्यांनी केल्या त्यांचं गाणं किती सुधारलं हे गुलदस्त्यातच आहे. मग इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आला, तर त्याने म्हणे कान बिघडतात. हल्ली वाजवणं सुरू होण्याआधी क्लिपने लावलेला ट्यूनर यांच्याही गिटारवर दिसतो, पण कानाच्या आरोग्यावरचं व्याख्यान काही मागे घेतलेलं नाही. तेव्हा तारांचा वाद हा त्याच मालिकेतला पुढचा भाग. जे जड, अवघड, दुखरं, ते अस्सल; जे सोपं होतं ते भ्रष्ट.

आणि अस्सलपणाचीच गोष्ट असेल तर वंशावळ काढू. गिटारला शतकानुशतकं आतड्याच्या तारा होत्या. अमेरिकेतल्या मार्टिन घराण्याने साउंडबोर्डखाली एक्स आकाराच्या पट्ट्यांची जी रचना 1840च्या दशकात रुळवली, ज्या रचनेची पुढे जगभर नक्कल झाली, ती आतड्याच्या तारांखाली जन्मली. त्याच कारखान्यातून पोलादी तारांसाठीच ठरलेलं नेहमीचं मॉडेल बाहेर पडलं ते 1922 साली. नेकमध्ये समायोजनाचा ट्रस रॉड घालण्याची गिब्सनची युक्तीही त्याच सुमाराची. म्हणजे ज्या प्रचंड ताणाला विद्वान ‘गिटारचा मूळ स्वभाव’ म्हणतात तो जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि तो पेलण्यासाठी गिटारच्या पोटात लोखंड घालावं लागलं. इतकं करूनही जुन्या गिटारींचा ब्रिजमागचा भाग फुगतो, नेक पुढे येते, ॲक्शन वाढत जाते. अशा गिटारवर तेराचा सेट चढवणाऱ्याने वाद्याच्या अपमानाबद्दल बोलावं, हे बरं आहे.

आपल्याकडे तर हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. मिरजेत तंबोरा घ्यायला जा. कारागीर आधी विचारतो कुणासाठी, पट्टी कोणती. पुरुषी तंबोरा मोठा, तारा जाड. बायकी तंबोरा आटोपशीर, तारा बारीक, सूर वरचा. बारीक तारेचा तंबोरा हौशी आणि जाड तारेचा अस्सल, असं मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बोलून पाहावं. कुणी वाद घालणार नाही, चहा पाजून वाटेला लावतील. सतारीची बाजाची तार सुमारे 0.30 मिलिमीटरची असते, म्हणजे गिटारच्या बारापेक्षाही किंचित बारीक, आणि ती आडवी ओढून कितीतरी स्वरांची मींड काढतात. लाकूड काही हलायचं राहिलेलं नाही.

तर मग लावायचं काय? माझं म्हणणं साधं आहे: हात, वाद्य आणि वाजवायचं संगीत बघून तार निवडावी, आणि बोटांनी वाजवणाऱ्याने, गाण्याची साथ करणाऱ्याने, छोट्या किंवा जुन्या गिटारवाल्याने कमी ताणापासून सुरुवात करावी. अकराचा सेट बहुतेकांना पुरेसा आहे. मढवलेल्या तारांत गोल गाभ्याच्या मिळाल्या तर त्या षटकोनी गाभ्याच्या तारांपेक्षा हाताला मऊ लागतात. फक्त टोक कापण्याआधी तार काटकोनात वाकवायची, नाहीतर वरचं मढवण सुटतं. आणि पाकिटावर ‘लो टेन्शन’ लिहिलं म्हणून भुलू नये. साधी, न मढवलेली 0.012ची पोलादी तार कुणाचीही घ्या, त्याच लांबीवर त्याच सुरात तिचा ताण तोच येणार. पाकिटवाल्यांना करामत करायला जागा आहे ती मढवलेल्या तारांत.

पैसे खर्चायचे नसतील तर आहे तोच सेट अर्धा स्वर उतरवून लावा. ताण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होतो. मूळ पट्टी हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. होय, तीच ती कुबडी.

जोरात पिक मारून चार वाद्यांच्या घोळक्यात ताल धरायचा असेल, किंवा तारा खूप खाली उतरवून वाजवायचं असेल, तर बारा-तेराचा सेट खुशाल लावावा. त्यासाठीच तो आहे. विद्वानांनीही आपल्या गिटारवर तोच ठेवावा, माझी हरकत नाही. फक्त अधूनमधून एक सरळ पट्टी ब्रिजच्या मागे आडवी ठेवून साउंडबोर्डला किती फुगवटा आलाय ते बघत जावं, कारण दुरुस्तीला नेली की कारागीर पहिला प्रश्न तारांबद्दलच विचारतो.