दावणीच्या टोकाचे तट्टू

चिखली तालुक्यातल्या एखाद्या मळ्यावर जनावरांच्या लसीकरणाचा दिवस कसा जातो, हे गावातले कोणीही सांगेल. पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसे येतात, बैलजोडीला आणि गाई-म्हशींना लाळ्या-खुरकताची लस टोचतात, कानातल्या बिल्ल्याचा नंबर नोंदवून घेतात आणि चहा घेऊन पुढच्या गोठ्याकडे जातात. दावणीच्या अगदी टोकाला तट्टू बांधलेले असते. त्याच्याकडे कोणी वळत नाही. दारातल्या कुत्र्याकडेही नाही. यात त्या माणसांचा दोष नाही. २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम लाळ्या-खुरकत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी आखलेला आहे आणि लाळ्या-खुरकत घोड्याला होतच नाही. तो दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग. पण सरकारी यादीत नाव नसलेले जनावर हळूहळू मालकाच्या हिशेबातूनही उतरते. गायीने वैरण सोडली की त्याच संध्याकाळी डॉक्टरला फोन जातो, तट्टाच्या बाबतीत मात्र ‘उद्या बघू’ म्हटले जाते.

घाटावरच्या या भागात तट्टू असते तरी कोणाकडे? मेंढपाळ कुटुंबांकडे, त्यांचा भांडी-अंथरुणांचा, कोंबड्यांच्या खुराड्याचा, कधी नुकत्याच जन्मलेल्या कोकराचा सगळा संसार त्याच्या पाठीवर चालतो. लग्नसराईत वरातीला घोडी नेणाऱ्यांकडे. आणि दोन-चार एकरांच्या काही शेतकऱ्यांकडे, ज्यांच्या घरात ते आजोबांच्या काळापासून आहे म्हणून आहे. मराठ्यांच्या फौजेने ज्या भीमथडी तट्टांवरून मुलूख तुडवला, त्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद अगदी अलीकडे झाली. तोवर संख्या ओसरली होती. २०१२ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती, ती २०१९ मध्ये ३.४ लाखांवर आली. जनावर कमी झाले की त्याच्यावर उपचार करण्याचा सरावही कमी होतो. आज घोड्याचा डॉक्टर म्हटले की लोकांना महालक्ष्मीचे रेसकोर्स आठवते. तट्टू गरिबाघरचे, पण त्याची शुश्रूषा मात्र श्रीमंतांची हौस, हा समज त्यातूनच आला आहे आणि तो महागात पडतो.

सर्वांत महागात पडतो तो धनुर्वात. या रोगाच्या जंतूंची बीजे मातीत असतात, घोड्याच्या शेणातही असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. पाळीव जनावरांत या विषाला सर्वांत हळवा प्राणी घोडाच. बैलाच्या पायात खिळा घुसला तर तो बहुधा लंगडून बरा होतो. तट्टाच्या खुरात तोच खिळा घुसला, तर जखम वरून भरून आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी कान ताठ उभे राहतात, शेपटी वर उचलली जाते, डोळ्याच्या कोपऱ्यातली तिसरी पापणी पुढे सरकते, जबडा मिटतो आणि चारही पाय लाकडाच्या घोडीसारखे फाकवून जनावर उभे राहते. इथवर पोहोचलेल्या घोड्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात. हे टाळण्यासाठी लागते काय, तर महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन इंजेक्शने आणि पुढे वर्षाला एक. नालबंदाला किंवा लग्नसराईतल्या झुलीला लागणाऱ्या पैशांपुढे हा खर्च किरकोळ आहे.

यातली विसंगती अशी, की धनुर्वातावरचा जुना उतारा माणसाला घोड्यानेच दिला. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाला मारणारे काहीतरी तयार होते. मग असा रक्तरस मोठ्या प्रमाणावर मिळवण्यासाठी घोडा निवडला गेला. अंगाने मोठा, रक्त भरपूर आणि माणसाळलेला. त्याच दशकात अल्बर्ट काल्मेत यांनी हीच वाट सर्पविषासाठी धरली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात सर्पदंशाच्या लसीशी जोडले गेले, तेही घोड्यांच्या जिवावर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे जे औषध आज ग्रामीण रुग्णालयात मिळते, ते घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून बनते. देशात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज आहे आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. सोयाबीन सोंगताना ज्याला घोणस चावली आणि जो वाचून घरी आला, त्याच्या नसांतून घोड्याचे देणे वाहून गेलेले असते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या खोल चाव्यावर जखमेत सोडायचे औषधही अनेक ठिकाणी घोड्यापासूनच येते. एवढे घेऊन त्याच्या वाट्याला वर्षाचे एक इंजेक्शनही येऊ नये!

लसीइतकाच प्रश्न खाण्याचा. तट्टाला बैलाचा धाकटा भाऊ समजून वाढवणे ही सर्रास होणारी गफलत. बैल रवंथ करतो, चार कप्प्यांच्या पोटात कठीण-कोरडे सगळे पचवतो. घोड्याचे पोट लहान असते, पचनाचे मोठे काम मागच्या आतड्यात होते आणि मुख्य म्हणजे घोड्याला ओकता येत नाही. जे आत गेले ते पुढेच जाणार, नाहीतर तुंबणार. म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे चरायला हवे. २०० किलोच्या तट्टाला किमान तीन-चार किलो कोरडी वैरण आणि हिवाळ्यातही दहा-पंधरा लिटर पाणी लागते. वैशाखात त्याच्या दुप्पट. पूर्वी घरोघरी ज्वारीचा कडबा असे. सोयाबीनने वावरे व्यापली, कडबा महागला आणि दावणीत कुटार आले. कुटार वाईट नाही, पण पावसात भिजून बुरशी धरलेले असेल तर ते तट्टाला घालू नये. बुरशीचा मका तर मुळीच नाही. त्यातले एक विष घोड्याचा मेंदू अक्षरशः विरघळवते.

ऑक्टोबरात सोयाबीनची रास खळ्यावर पडलेली असते आणि रात्री दावे सुटलेले तट्टू तिच्यापाशी सापडते. तोबऱ्यातून मापाने दिलेली चंदी वेगळी आणि राशीवरची मेजवानी वेगळी. पोटात दाणा आंबतो, जनावर वळून वळून कुशीकडे बघते, पुढच्या पायाने जमीन उकरते, लोळते. त्यातून वाचले तरी खुरांच्या आत सूज येऊन कायमचे लंगडे होऊ शकते. अशा वेळी घरोघरी नळीने किंवा बाटलीने तेल पाजण्याची घाई होते. ते तेल फुप्फुसात गेले तर पोटशुळाने न मेलेले जनावर न्यूमोनियाने मरते. राशीपासून बाजूला घ्यावे, खाणे बंद करावे आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन लावावा. बरे होईल म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

कोंबड्या, मांजर, कुत्रा, तट्टू असा मेळा एका अंगणात नांदतो, तेव्हा एकाचे अन्न दुसऱ्याचे विष होते. कारखान्यातून येणाऱ्या काही कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते. कोंबडीला ते मानवते, घोड्याच्या हृदयाला ते थोड्याशा मात्रेतही जीवघेणे ठरते. उघडे पोते तट्टाच्या तोंडाला लागणार नाही असे ठेवणे, एवढीच खबरदारी पुरते. मांजराची गोष्ट तशीच. ताप आला म्हणून त्याला माणसाची पॅरासिटामॉलची गोळी दिली, तर एका गोळीतही ते मरू शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे औषध मांजराला लावणे हाही तसाच घात.

माश्यांकडेही बघायला हवे. पावसाळ्यात जनावरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या घोड्यांत सर्रा नावाचा रोग पसरवतात. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली-पायांवर सूज, भरपूर खाऊनही खंगत जाणे. हा जनावरांचाच रोग, असे सारे जग मानत होते. २००५ साली विदर्भानेच त्याला अपवाद दाखवला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्ऱ्याचे परजीव सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि माणसात पक्का सिद्ध झालेला तो जगातला पहिला रुग्ण ठरला. पुढे कळले, की निरोगी माणसाच्या रक्तात या परजीवाला मारणारे एक प्रथिन असते आणि त्याच्या रक्तात ते कामी येत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेकडून औषध मागवून तो बरा झाला. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. पण गोठ्याची भिंत माणसाला जनावराच्या रोगापासून तोडत नाही, हे या एका रुग्णाने जगाला शिकवले.

आता कुत्रा. मळ्यावरचा कुत्रा रात्रभर कोल्ह्या-मुंगसांशी, गावच्या मोकाट कुत्र्यांशी भांडतो आणि सकाळी लेकरांच्या अंगावर उड्या मारतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दर वर्षी ५९ हजारांच्या आसपास माणसे त्याने मरतात आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश भारतात. कुत्र्यामुळे होणारे हे मृत्यू २०३० पर्यंत थांबवण्याचे लक्ष्य सरकारने ठरवले आहे. पाश्चरने पहिली लस टोचली ती ६ जुलै १८८५ रोजी, एका नऊ वर्षांच्या मुलाला. त्यानंतर इतक्या वर्षांनीही चाव्यावर चुना आणि तिखट भरले जाते. चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायची, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे आणि ठरलेले डोस पुरे करायचे, इतके साधे हे आहे. पिसाळलेला कुत्रा तट्टाला किंवा गायीला चावला तरी कळवायचे. अचानक चावरे झालेल्या, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात ‘घशात काही अडकले का’ म्हणून हात घालायचा नाही. गोठ्यातल्या माणसाला धोका असतो तो नेमका तिथे.

मागणी मोठी नाही. लाळ्या-खुरकताची फेरी वर्षातून दोनदा गावात येतेच. लसीची थंड पेटी असते, टोचणारा हात असतो, नोंदवही असते. त्याच फेरीत कुत्र्यांसाठी रेबीजच्या आणि घोडी-तट्टांसाठी धनुर्वाताच्या कुप्या असाव्यात. रक्कम ग्रामपंचायतीने द्यावी किंवा मालकाकडून घ्यावी. कर्मचारी अपुरे आहेत ही अडचण खरी आहे, पण त्याच अंगणात उभे राहून टोचायच्या चार-सहा जादा इंजेक्शनांनी ती फारशी वाढत नाही. मेंढपाळांच्या तट्टांचे मात्र असे भागणार नाही. ती फेरीच्या दिवशी कुठल्या शिवारात असतील हे कोणी सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी कळप चिखलीजवळ उतरतात तेव्हा वाड्यावर जाऊन टोचावे लागेल, आणि पहिल्या इंजेक्शनची तारीख त्यांच्या हातात लिहून द्यावी लागेल, म्हणजे दुसरे कुठल्याही तालुक्यात घेता येईल.